भावंडांची रहस्यकथा वाचून झाल्यावर मुलांना बोलतं कसं करायचं

"कसं वाटलं पुस्तक?" असं विचारलंत की मुलं "छान" म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. रहस्यकथेला तर हे "छान" फारच लवकर येतं. चोर सापडला, कोडं सुटलं, आता बोलायचं काय, असं त्यांना वाटतं. पुण्यात कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी रविवारी सकाळी नऊ ते बारा वर्षांच्या मुलांचा वाचनगट घेते. गोष्ट भावंडांची असेल तर या वयाच्या मुलांना पोटातून बोलायचं असतं ते घरात कोणाचं ऐकलं जातं आणि कोणाचं नाही यावर. तिथपर्यंत त्यांना न्यायचं कसं, ते सांगते.

उदाहरणाला शिवॉन डाउड यांची 'द लंडन आय मिस्टरी' ही 2007 सालची कादंबरी घेऊ. बारा वर्षांचा टेड गोष्ट सांगतो, कॅट त्याची मोठी बहीण. त्यांचा मावसभाऊ सलीम 24 मे रोजी 11 वाजून 32 मिनिटांनी लंडन आय या अवाढव्य पाळण्याच्या काचेच्या कॅप्सूलमध्ये चढतो. ही दोघं खालून त्या कॅप्सूलवर नजर ठेवून उभी असतात. 12 वाजून 2 मिनिटांनी ती खाली येते, सगळे उतरतात, सलीम नाही. पुढचं मी इथे सांगणार नाही, आणि तुम्हीही गटात कोणाला सांगू देऊ नका.

आधी प्रतींची सोय करा. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा, जुन्या प्रतींचंही विचारा, आणि दोन मुलांत एक प्रत पुरते. पण सख्ख्या भावंडांना मिळून एकच प्रत देऊ नका. घरी ती आधी मोठ्याच्या हातात जाते, आणि धाकट्याला पुस्तक मिळेपर्यंत जेवणाच्या टेबलावर शेवट फुटलेला असतो. पुस्तक इंग्रजीत आहे. मराठी शाळेतल्या मुलांना पहिली काही प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा, अडलेलं तिथल्या तिथे मराठीत सांगा. चर्चा मात्र मराठीतच ठेवा. ताई-दादाबद्दलचा राग मुलं ज्या भाषेत घरी काढतात, त्याच भाषेत त्यांची मतं धारदार येतात.

आता महत्त्वाचं. सगळं पुस्तक संपल्यावर मतं मागू नका, मध्येच थांबवा. टेड सलीम कुठे गेला असेल याच्या आठ शक्यता लिहून काढतो, ती जागा थांबायला उत्तम. तिथे प्रत्येकाकडून एक संशयचिठ्ठी घ्या. कोणती शक्यता खरी वाटते, कोणत्या पानावरून तसं वाटलं आणि कोणती शक्यता लगेच खोडाल, एवढंच तीन ओळींत. चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट चिकटवा आणि जोडावर मुलांच्याच सह्या घ्या. शेवट कळल्यावर "मला आधीच माहीत होतं" म्हणणारे गटात दोन-तीन तरी असतातच, त्यांना हे पाकीट गप्प करतं. त्याहून मोठा फायदा असा की आपलं मत बदललं कधी आणि कशामुळे, हे मुलांना स्वतःच्या अक्षरात दिसतं. आठ शक्यतांमध्ये माणूस आपोआप पेटून नाहीसा होण्याचीही एक आहे. तिला कोणी हसलं तर हसू द्या, पण लगेच विचारा, "टेडने ती यादीत का ठेवली असेल?"

पुढच्या रविवारी लिफ्टचा प्रयोग करा. पाच-सहा मुलांना तळमजल्यावरून लिफ्टने वर पाठवा. एका मोठ्या माणसाने वर थांबावं आणि त्यांना जरा वेळाने खाली पाठवावं. खाली थांबलेल्यांनी आधी नुसतं बघायचं, मग एकमेकांशी न बोलता लिहायचं: कोण आधी चढलं, कोणी काय घातलं होतं, उतरताना शेवटचं कोण होतं. यात फसवाफसवी काही करायची नाही. तरीही उत्तरं जुळत नाहीत. आमच्याकडे चष्मेवाला मुलगा पहिला उतरला की तिसरा, यावर इतका वाद झाला की शेवटी त्यालाच विचारायची वेळ आली, आणि त्यालाही नक्की आठवेना. लंडन आयच्या एका कॅप्सूलमध्ये 25 माणसं मावतात आणि एक फेरी अर्ध्या तासाची असते, हे त्यानंतर सांगा. "दोघं बघत होती तरी हुकलं कसं?" असं म्हणणारी मुलं मग पुस्तकाची पानं उलटून पुन्हा वाचायला लागतात.

पुस्तक वाचून झालं की मुलांना हॉलच्या तीन कोपऱ्यांत बसवा: घरात मोठे, घरात धाकटे आणि एकुलते. मोठ्यांना विचारा, टेडचं कुठे चुकलं. धाकट्यांना विचारा, कॅटचं कुठे चुकलं. पाच मिनिटांनी प्रश्नांची अदलाबदल करा. एकुलत्यांना आईवडिलांचा न्याय करू द्या, ते तो फार नेटाने करतात. धाकटा भाऊ असलेली सहावीतली एक मुलगी अदलाबदलीच्या आधी म्हणाली, "कॅटला कोणी विचारतच नाही तुला काय हवंय. नुसतं सांगतात, याच्याकडे लक्ष दे." समोरच्या कोपऱ्यातून लगेच उत्तर आलं, "पण टेडचं बोलणं कोणी पूर्ण तरी होऊ देतं का?" अशा वेळी आपण मध्ये पडू नये. दोन्ही वाक्यं फळ्यावर जशीच्या तशी लिहा आणि दोघांकडून पान क्रमांक मागा.

टेडबद्दल बोलताना जपायची एक जागा आहे. त्याचा मेंदू इतरांपेक्षा वेगळा चालतो, असं तो स्वतःच सांगतो. त्या वेगळेपणाला पुस्तकात वैद्यकीय नाव दिलेलं नाही. कोणीतरी "तो जरा हा आहे ना?" असं म्हणून डोक्याशी बोट फिरवतं. रागावू नका, पण ते तसंच सोडूनही देऊ नका. टेड काय करतो तेवढं सांगायला लावा: हात फडफडवतो, शब्दशः अर्थ घेतो, खोटं बोलणं त्याला जड जातं. मग विचारा, यातलं काय तपासाच्या कामी आलं. गटात असं एखादं मूल असेल, तर ते या वेळी तुमच्याकडे बघत असतं.

टेडला हवामानाचं वेड आहे आणि त्या भागांना मुलं हमखास कंटाळतात. इथे पुण्याचा उपयोग होतो. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो. मुलांना हे सांगा आणि आठवडाभर पेपरातला पावसाचा अंदाज व प्रत्यक्ष पडलेला पाऊस शेजारीशेजारी लिहायला लावा. कंटाळा आलेल्यांतली काही जण मग आपणहून सांगतात, की टेड ढगांचा विचार जसा करतो तसाच सलीमचाही करतो. सगळ्यांना हे पटत नाही. ज्यांना पटलं नाही, त्यांचा कंटाळाही नोंदवा. ते मतच आहे.

आता लिहून घ्या. अर्ध्या पानापेक्षा जास्त मागू नका. शाळेतला निबंध वाटला की मुलं हात आखडतात. तारे, गुण, दहापैकी किती, यातलं काही नको. एक वाक्य कोणत्या भावंडावर अन्याय झाला त्याचं, एक लेखिकेने लपवलेला दुवा कोणत्या पानावर सापडला त्याचं, आणि एक न पटलेल्या गोष्टीचं. शुद्धलेखन तपासू नका, आणि पालकांना तर अजिबात तपासू देऊ नका. आईने सुधारलेला कागद लगेच ओळखू येतो, त्यात "अतिशय उत्कंठावर्धक" असं काहीतरी असतं. तो परत पाठवून मुलाच्या हातचा मागा.

पाकीट सगळ्यात शेवटी फोडा, सगळे हजर असतील तेव्हाच. चिठ्ठ्या तुम्ही वाचू नका, ज्याची त्याने उभं राहून वाचायची. ज्यांचा अंदाज बरोबर निघाला, त्यांना या मालिकेतलं पुढचं पुस्तक आधी घरी न्यायला द्या. शिवॉन डाउड 2007 सालीच गेल्या. पुढची गोष्ट रॉबिन स्टीव्हन्स यांनी लिहिली, ती 2017 साली आली आणि न्यूयॉर्कमध्ये घडते. तिच्या मतांसाठी नवीन पाकीट आणून ठेवा.