ओहोटी लागलेल्या टोळीचा आकार आणि वसुली कशी तपासावी: यामागुची-गुमीचे उदाहरण

एखादी गुन्हेगारी टोळी संपत आल्याची बातमी वाचली की तिची माणसे आणि तिचे धंदे यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा, कारण माणसे घटली म्हणून वसुलीही त्याच प्रमाणात घटते असे नाही. जपानमधील यामागुची-गुमीवर हा अभ्यास फार चांगला करता येतो. 1915 साली कोबे बंदरातील गोदी कामगारांच्या मुकादमीतून ही टोळी उभी राहिली. तिच्यात म्होरक्याला ‘ओयाबुन’, म्हणजे वडिलांच्या जागी असलेला, आणि अनुयायाला ‘कोबुन’, म्हणजे मुलाच्या जागी असलेला, असे म्हणतात. साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) पेल्याचा विधी करून हे मानलेले नाते जोडले जाते. महाराष्ट्रातील वाचकाला मोक्का परिचयाचा असल्याने येथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. जपानमध्ये टोळीचे सभासद असणे हाच गुन्हा नाही; 1992 पासून लागू असलेल्या कायद्याने सरकार टोळ्यांना ‘निर्दिष्ट’ ठरवते आणि त्यांच्यावर नजर ठेवते. म्हणूनच तेथे सभासदांची मोजदाद शक्य होते.

जपानची राष्ट्रीय पोलीस संस्था दरवर्षी मागील वर्षअखेरचे आकडे जाहीर करते, तेथून सुरुवात करावी. त्यांत प्रत्यक्ष सभासद आणि टोळीशी संधान बांधून काम करणारे सहयोगी, असे दोन वर्ग असतात. 2014 च्या अखेरीस यामागुची-गुमीचे सभासद सुमारे 10,300 होते आणि सहयोगी धरून ही संख्या 23,400 होती. 2024 च्या अखेरीस हेच आकडे सुमारे 3,300 आणि 6,900 झाले. पुष्कळ लेखांत जुन्या वर्षाची एकूण संख्या आणि नव्या वर्षाची केवळ सभासदसंख्या शेजारी ठेवली जाते व घसरण आहे त्याहून मोठी भासते. ही चूक कटाक्षाने टाळावी. देशातील सर्व टोळ्यांचा आकडा (1963 मध्ये 1,84,100 आणि 2024 मध्ये 18,800) एका टोळीच्या आकड्यात मिसळू नये.

घसरणीतला किती भाग फुटीचा आहे, हे त्यानंतर पाहावे. ऑगस्ट 2015 मध्ये एक मोठा गट बाहेर पडून कोबे यामागुची-गुमी स्थापन झाली, त्यामुळे त्या वर्षाची घट ही बरीचशी माणसांनी बाजू बदलल्याची घट होती. पुढे तो फुटीर गटही काही शेकड्यांवर आला. टोळी सोडल्याची प्रत्येक नोंदही जशीच्या तशी स्वीकारू नये. टोळीशी संबंध असलेल्याला बँकेत खाते उघडता येत नाही की घर भाड्याने मिळत नाही, आणि टोळी सोडल्यावरही साधारण पाच वर्षे ही अडचण टिकते. त्यामुळे काही जण कागदोपत्री बाहेर पडून आतलेच काम करत राहतात, असे पोलिसांचे म्हणणे आहे. वयही पाहावे: सभासदांत निम्म्याहून अधिक जण पन्नाशी ओलांडलेले आहेत.

धंद्यांचा हिशेब करणे अधिक कष्टाचे आहे, आणि माझ्या मते खरा अभ्यास तोच. पैसा कोणत्या दिशेने चढतो, हे आधी समजून घ्यावे: खालचे गट आपल्या वरच्या गटाला आणि तो मुख्यालयाला दरमहा ठरावीक रक्कम पोचवतो, या भरण्याला ‘जोनोकिन’ म्हणतात. म्हणजे मुख्यालयाला खालचा माणूस काय करतो याची चौकशी न करताही उत्पन्न मिळते. बार आणि रात्रीच्या दुकानांकडून घेतला जाणारा हप्ता, ‘मिकाजिमे-र्यो’, हा जुना आधार होता. 2011 च्या ऑक्टोबरपर्यंत सर्व 47 प्रांतांत लागू झालेल्या अध्यादेशांनी हप्ता देणाऱ्या व्यावसायिकावरही जबाबदारी टाकली, तेव्हा तो आटत गेला. अमली पदार्थांचा, विशेषतः मेथचा (मेथॅम्फेटामिनचा), व्यापार मात्र टिकला, वृद्धांना फोन करून नातवाच्या किंवा मुलाच्या नावाने पैसे उकळण्याची फसवणूक वाढली, आणि समुद्रकाकडी व अबालोन शिंपल्यांची चोरटी मासेमारी इतकी किफायतशीर ठरली की 2020 च्या डिसेंबरपासून तिच्यासाठी कमाल दंड तीन कोटी येन करण्यात आला.

फसवणुकीचा गुन्हा कोणाच्या खात्यावर मांडायचा, हा त्यातला अवघड प्रश्न आहे. समाजमाध्यमांवरून रोजंदारीने जमवलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या गटांना पोलीस ‘तोकुर्यू’ म्हणतात, आणि 2024 मध्ये अशा गटांतील 10,000 हून अधिक जणांवर कारवाई झाली. ही माणसे टोळीच्या संख्येत येत नाहीत, पण त्यांच्या कमाईचा काही भाग टोळीकडे जात असू शकतो. अशा वेळी अटकेच्या बातमीपेक्षा दिवाणी निकाल वाचावेत. 1992 पासूनच्या त्याच कायद्यात 2008 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर टोळीच्या धाकाने पैसा उकळला गेल्यास वरच्या म्होरक्याकडून भरपाई मागता येते. 2019 मध्ये मितो येथील न्यायालयाने सुमियोशी-काई या दुसऱ्या टोळीच्या म्होरक्यांना फोनवरील फसवणुकीच्या बळींना भरपाई देण्याचा आदेश दिला. खालच्या माणसाचा गुन्हा आणि वरची टोळी यांतला धागा न्यायालयाने तपासून मान्य केलेला असतो, म्हणून धंद्याची नोंद करताना अशा निकालांना पहिले स्थान द्यावे आणि पोलिसांचे अंदाज त्यांच्या खाली लिहावेत.