प्री-मेडचा जीपीए घसरला असेल तर: अमेरिकेतील मराठी पालकांसाठी

प्री-मेड, म्हणजे पदवीनंतर मेडिकल स्कूलला जाण्याच्या तयारीत असलेल्या मुलाचे गुण घसरल्याचे अमेरिकेतल्या मराठी घरांत बहुधा उशिरा कळते. मूल कॉलेजात दाखल झाले की १९७४ च्या 'फर्पा' कायद्यानुसार गुणांच्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून मुलाकडे जातो, आणि त्याच्या संमतीशिवाय गुण पालकांना कळवण्यास कॉलेज बांधील राहत नाही. फी मात्र पालकच भरत असतात. मग दुसऱ्या वर्षाच्या हिवाळी सुटीत मुलगी घरी येते, दोन दिवस गप्पगप्प असते, आणि तिसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर लॅपटॉप टेबलावर वळवून ट्रान्सक्रिप्ट दाखवते. जनरल केमिस्ट्रीत सी प्लस, कॅल्क्युलसमध्ये बी मायनस, ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात सी मायनस, एकूण जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी गुणांक, २.९. यावर घरातून निघणारे पहिले वाक्य ठरलेले असते, 'पुढच्या सेमिस्टरला भरून काढ.' हे भरून काढणे नेमके किती आणि कसे शक्य असते, ते पाहू. मुलांपेक्षा आई-वडीलच हे वाचणार असल्याने लेखन त्यांना उद्देशून केले आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत बारावी आणि प्रवेशपरीक्षेच्या अनुभवावर घडलेली आहे. तिथे अकरावीत नापास होता होता वाचलेला मुलगा प्रवेशपरीक्षेत चमकला तर अकरावीचे नावही कोणी काढत नाही. अमेरिकेत तसे नाही. पहिल्या सेमिस्टरपासूनचा प्रत्येक विषय हिशेबात राहतो, त्याच्या पुढे फक्त नवे विषय जोडता येतात. त्यामुळे जुने गुण पुसण्याची वाट शोधण्यात महिने घालवण्यापेक्षा नवे गुण कसे हवेत हे ठरवणे शहाणपणाचे असते.

त्यासाठी आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, आणि याच क्रमाने खाली; प्रत्येक श्रेणीचे अंक त्या विषयाच्या क्रेडिटने, म्हणजे त्याला ठरवून दिलेल्या वजनाने, गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे. वरच्या मुलीने तीन सेमिस्टरांत ४५ क्रेडिट घेतले असतील तर २.९ च्या हिशेबाने तिच्या खात्यात १३०.५ अंक आहेत. पदवीला १२० क्रेडिट लागतात असे धरले तर ७५ उरतात. त्या सगळ्यांत तिने सरासरी ३.८ राखली, तर शेवटचा आकडा ३.४६ होतो, एकाही विषयात ए च्या खाली न जाता ४.० राखली तरी ३.५९ च्या वर जाता येत नाही. हेच २.९ तिसऱ्या वर्षाअखेर, ९० क्रेडिट झाल्यावर लक्षात आले असते, तर शेवटचे वर्ष निर्दोष जाऊनही आकडा ३.१८ च्या आसपासच अडकला असता. एमडी (अमेरिकेत डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्यांची सरासरी गेली काही वर्षे ३.७५ च्या वर आहे, हे समोर ठेवले की परिस्थिती स्पष्ट होते. सरासरीच्या खाली असूनही दरवर्षी पुष्कळ जण प्रवेश मिळवतात, पण त्यांच्या अर्जात त्या आकड्याला तोलून धरणारे दुसरे काही असते.

इथे दोन गोष्टी घरोघरी निसटतात. पहिली अशी की कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरचा जीपीए आणि मेडिकल स्कूल पाहतात तो जीपीए एकच नसतो. एमडीचे बहुतेक अर्ज 'ॲमकास' या केंद्रीय सेवेतून जातात, आणि ती सेवा स्वतःचा वेगळा हिशेब मांडते. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा 'बीसीपीएम' जीपीए वेगळा काढला जातो. समाजशास्त्र आणि संगीतातल्या ए श्रेणींनी एकूण आकडा वर उचलला तरी हा विज्ञानाचा आकडा उघडाच राहतो. हायस्कुलात असताना कम्युनिटी कॉलेजमध्ये घेतलेले क्रेडिटचे विषयही या हिशेबात येतात. सोळाव्या वर्षी हौसेने घेतलेल्या आणि अर्धवट मनाने केलेल्या एखाद्या कोर्सची सी श्रेणी सहा वर्षांनी अशी समोर उभी राहते, आणि ते कॉलेज अर्जात न दाखवणे हा पर्याय नसतो.

दुसरी गोष्ट विषय पुन्हा घेण्याबद्दलची. पुष्कळ कॉलेजे दुसऱ्यांदा मिळालेली श्रेणी पहिलीच्या जागी ठेवतात आणि जीपीए सुधारल्याचे दाखवतात. ॲमकास तसे करत नाही, दोन्ही वेळच्या श्रेणी मोजते. चार क्रेडिटच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आधी सी मायनस आणि नंतर ए मिळाला, तर कॉलेजच्या लेखी ते ४.० असेल, ॲमकासच्या लेखी त्या आठ क्रेडिटची सरासरी २.८५ येते. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ ही डॉक्टरकीचीच दुसरी पदवी देणाऱ्या स्कूलसाठीच्या केंद्रीय सेवेत पूर्वी नवी श्रेणी जुनीची जागा घेत असे, पण २०१७ पासून ती सोयही बंद झाली. नातेवाइकांत किंवा जुन्या चर्चांत अजून तिचा दाखला दिला जातो, त्यावर विसंबू नये. याचा अर्थ विषय पुन्हा घेऊच नये असा नव्हे. बहुतेक स्कूल आवश्यक विषयांत किमान सी मागतात, त्यामुळे सी मायनस, डी किंवा एफ असेल तर तो विषय पुन्हा घ्यावाच लागतो. सी प्लस किंवा बी मायनस असेल तर मात्र तोच विषय उगाळत बसण्यापेक्षा त्याच्या पुढचा, म्हणजे बायोकेमिस्ट्री, सेल बायोलॉजी किंवा फिजिऑलॉजी घेऊन त्यात ए मिळवणे माझ्या मते अधिक चांगले, कारण पाया पक्का झाल्याचा तो जास्त पटणारा पुरावा ठरतो.

आता प्रत्यक्ष सुधारणा. तिची सुरुवात अभ्यासाचे तास वाढवण्यापासून होत नाही, घसरण थांबवण्यापासून होते. पुढच्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स आणि जेनेटिक्स असे तीन प्रयोगशाळेचे विषय एकत्र घेऊन 'एकदाच सगळे उरकून टाकू' असा बेत असेल तर तो मोडून काढावा. विज्ञानाचे दोनच विषय आणि सोबत हलके काही घेऊन १२ ते १३ क्रेडिट ठेवावेत. बहुतेक ठिकाणी १२ क्रेडिटला विद्यार्थी पूर्णवेळ धरला जातो, त्याखाली गेल्यास आर्थिक साहाय्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तेवढे पाहून घ्यावे. एखादा विषय हाताबाहेर जात असेल तर मुदत संपण्याआधी तो सोडून 'डब्ल्यू' घेता येते. ती नोंद जीपीएत मोजली जात नाही. एखाददुसरी डब्ल्यू कोणी मनावर घेत नाही. प्रत्येक सेमिस्टरला एक दिसू लागली की मात्र प्रश्न विचारले जातात.

त्यानंतर मागच्या परीक्षांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका बाहेर काढाव्यात. हे काम मुलीने स्वतः करायचे आहे, आई-वडिलांनी शेजारी बसून नव्हे. चुकलेला प्रत्येक प्रश्न पाहून चूक कशामुळे झाली ते एका शब्दात लिहावे: माहीतच नव्हते, माहीत होते पण लावता आले नाही, की वेळ पुरला नाही. दोन-तीन उत्तरपत्रिकांत चित्र दिसू लागते. बहुतेक हुशार मुलांच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारच्या चुका अधिक निघतात, आणि त्यावर नोट्स पुन्हा पुन्हा वाचणे हा उपाय नसतो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पानभर रिॲक्शन रंगीत पेनांनी उतरवून काढणारी मुले परीक्षेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो हे विचारल्यावर अडतात. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर मेकॅनिझम बाणांसकट मांडणे, अडल्यास तेवढेच पाहणे, आणि दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा सोडवणे, असा अभ्यास कंटाळवाणा असतो खरा, पण गुण त्यानेच वाढतात. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना परीक्षेच्या आदल्या दिवशी जाण्यात फारसा लाभ नाही. दर आठवड्याला एक नेमका प्रश्न घेऊन जावे. पुढे शिफारसपत्र लिहिताना अशीच विद्यार्थिनी त्यांना आठवते.

कारण अभ्यासाबाहेरचे असेल तर उपायही अभ्यासाबाहेरच शोधावा लागतो. नैराश्य, झोप न येणे, लक्ष न लागणे, आठवड्याला वीस तासांची नोकरी, घरातले आजारपण, यांपैकी काही असताना मुलाला 'जरा जोर लाव' असे सांगणे हे पाय मुरगळलेल्याला पळायला लावण्यासारखे आहे. कॉलेजांत समुपदेशन केंद्र असते, आणि एडीएचडीसारखे निदान झालेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत वाढीव वेळ मिळवून देणारे स्वतंत्र कार्यालयही असते. आपल्या घरांत या दोन दारांपर्यंत जायला लाज आडवी येते, आणि तेवढ्यात आणखी एक सेमिस्टर जाते.

चढती कमान दिसते का, हा प्रश्न अर्जात आपोआप विचारला जातो, कारण ॲमकासच्या तक्त्यात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचा जीपीए वर्षनिहाय वेगवेगळा मांडलेला असतो. २.७, ३.१, ३.७, ३.९ असे आकडे वाचणाऱ्याला एक गोष्ट सांगतात, ३.६, ३.५, ३.३, ३.२ हे आकडे एकूण सरासरी त्याहून फार वेगळी नसतानाही अगदी उलटी गोष्ट सांगतात. म्हणूनच शेवटच्या वर्षी सोपे विषय घेऊन आकडा फुगवणे फोल असते. चढ विज्ञानाच्या वरच्या वर्गांतला हवा.

पदवीपर्यंत हा चढ पुरेसा दिसला नाही तर पुढे दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. पोस्ट-बॅकमध्ये पदवीनंतर पदवीस्तराचेच विज्ञान विषय घेतले जातात. ते गुण पदवीच्या एकत्रित जीपीएत मिसळतात. आपल्या उदाहरणातल्या मुलीने ३.४६ नंतर ३० क्रेडिट ३.९ ने केले तर एकूण आकडा ३.५५ होतो. यासाठी औपचारिक कार्यक्रमच हवा असे नाही. जवळच्या सरकारी विद्यापीठात सुटे विषय घेऊनही हे करता येते आणि खर्च पुष्कळ कमी येतो. करिअर बदलणाऱ्यांसाठीचे पोस्ट-बॅक वेगळे असते, त्यात आवश्यक विषय आधीच झालेल्यांना सहसा घेत नाहीत. दुसरी वाट स्पेशल मास्टर्सची. जॉर्जटाउन विद्यापीठाचा असा कार्यक्रम जुना आणि नावाजलेला आहे. त्यात मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय झेपतात हे दाखवता येते, पण तिथले गुण पदव्युत्तर म्हणून वेगळे धरले जातात, पदवीचा जीपीए जागचा हलत नाही. शिवाय तिथे बी श्रेणी आली तर अर्जाची बाजू पूर्वीपेक्षा पडती होते. त्यामुळे पदवीचा आकडा ३.२ च्या खाली असताना आधी पोस्ट-बॅक आणि गरज उरलीच तर मास्टर्स, असा क्रम मला योग्य वाटतो.

एमकॅट या मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेबद्दल थोडक्यात. ही परीक्षा ४७२ ते ५२८ अशी मोजली जाते आणि एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास आहे. कमी जीपीए असलेल्याने याहून वर राहण्याचा प्रयत्न करावा. मात्र बायोकेमिस्ट्री आणि फिजिक्स पूर्ण झाल्याशिवाय आणि पूर्ण लांबीच्या सराव परीक्षांत सलग अपेक्षित गुण आल्याशिवाय बसू नये. आयुष्यात सातदाच बसता येते, आणि आधीचे गुणही स्कूलना दिसतात.

अर्ज कुठे करावा यात घरचा मान आडवा येऊ देऊ नये. डीओ स्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्यांचा जीपीए साधारण ३.६ च्या आसपास असतो, आणि २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची, मान्यता एकाच यंत्रणेखाली आलेली आहे. 'डीओ म्हणजे खरा डॉक्टर का?' असे पुण्याहून फोनवर विचारणाऱ्या मावशीला 'हो' म्हणून सांगावे. टेक्सासच्या रहिवाशांना आणखी एक फायदा आहे: तिथल्या राज्य विद्यापीठांत कायद्याने बहुतेक जागा रहिवाशांसाठी राखलेल्या असतात, आणि 'ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट' या तरतुदीने दहा वर्षांहून जुने सगळे विषय बाजूला ठेवता येतात, अर्थात मग त्यांतले चांगले गुणही सोडावे लागतात. पालक अजून एच-१बी वर असतील आणि मुलाकडे ग्रीन कार्ड नसेल तर मात्र यादी करण्याआधी प्रत्येक स्कूलचा नियम पाहावा, कारण अनेक स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांचे अर्ज घेतच नाहीत. महाराष्ट्रात एनआरआय कोट्यातून जाणे हा सोपा मार्ग समजला जातो. तिथेही 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते आणि परत येऊन रेसिडेन्सीसाठी यूएसएमएलई ही अमेरिकेतली परवाना परीक्षा असतेच.

वेळेबाबत एकच आग्रह धरतो. ॲमकासचा अर्ज मेमध्ये उघडतो आणि मेअखेरपासून सादर करता येतो; त्या वेळी ज्या श्रेणी ट्रान्सक्रिप्टवर असतील त्यांचाच हिशेब होतो. चढ नुकताच सुरू झाला असेल तर त्या वर्षी अर्ज न करता एक वर्ष थांबावे, ते वर्ष विज्ञानाचे विषय, रुग्णालयातले काम किंवा संशोधन यांत घालवावे आणि पुढच्या मे-जूनमध्ये अर्ज करावा. घाईने केलेला आणि नाकारला गेलेला अर्ज पुढच्या खेपेला त्याच स्कूलना माहीत असतो.

कमी गुणांचा खुलासा अर्जात लागतोच असे नाही. ॲमकासचा मुख्य निबंध मोकळ्या जागांसह ५,३०० अक्षरांचा असतो, आणि तो डॉक्टर का व्हायचे हे सांगण्यासाठी आहे. खुलासा द्यायचाच तर दोन वाक्ये पुरतात: 'दुसऱ्या वर्षी वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर मी आठवड्याला वीस तास नोकरी करत होते आणि तरीही विषय कमी केले नाहीत. तिसऱ्या वर्षापासून नोकरीचे तास निम्मे केले आणि अभ्यासाची पद्धत बदलली.' एवढे झाल्यावर त्या कारणाचे वर्णन तिथेच थांबवावे, कारण पुढचे तक्त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या रांगांत वाचणाऱ्याला दिसतेच.