कॅपचं पांढरं उडालं, मेटल दिसायलंय, आता कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) कसं चिकटवायचं?

आमच्या लातूर-नांदेडकडं पेशंट आला की असंच सांगतो, "डॉक्टर, कॅपचं पांढरं उडालंय, आतलं काळं दिसायलंय." बहुतेकदा निकेल-क्रोम धातूवरची सिरॅमिक कॅप असते, सुपारी नाहीतर वाळकी भाकरी चावताना टवका उडालेला. कॅप घट्ट असेल, कडेला कीड नसेल तर काढू नका, तोंडातच रिपेअर होतं. पण आधी बाईट पेपर (दात कुठं टेकतात ते दाखवणारा रंगीत कागद) लावून बघा, समोरचा दात तिथंच आपटत असेल तर नवीन लावलेलंही उडणारच.

आता मेन गोष्ट. नवीन पोरं फॉस्फोरिक ॲसिड लावतात, धुतात, बाँड (कंपोझिट चिकटवायचं द्रव) लावून मोकळी होतात. अरे बाबांनो, त्यानं मेटल फक्त साफ होतं, इनॅमलसारखं (दाताच्या वरच्या कडक थरासारखं) खरबरीत होत नाही! पकड पाहिजे तर रबर डॅम (दात थुंकीपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावून सँडब्लास्टिंग करा, म्हणजे हवेच्या जोरानं बारीक पावडर मारा, ५० मायक्रॉनची ॲल्युमिनियम ऑक्साइड पावडर, साधारण २ बार प्रेशर, १ सेंमी अंतर, चकाकी जाऊन सगळीकडं सारखं मळकट दिसेपर्यंत, आणि सक्शन जवळच धरा. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतंय, ते रोज सकाळी सोडत जा, ओली तेलकट हवा मारली की सगळी मेहनत पाण्यात.

मग तिथं बोट नको, थुंकी नको, लगेच एमडीपी (फॉस्फेटवाला मोनोमर) असलेला मेटल प्रायमर, म्हणजे बाँडच्या आधी लावायचं द्रव. त्याचं फॉस्फेटचं टोक मेटलवरच्या ऑक्साइडला धरतं, दुसरं टोक रेझिनला, म्हणजे बाँड-कंपोझिटला. निकेल-क्रोम, कोबाल्ट-क्रोमवर हे छान जमतं, पण जास्त सोन्याच्या कॅपवर ऑक्साइड फारसा नसतो, तिथं गंधकवाला मोनोमर असलेला प्रायमर घ्या. सायलेन (पोर्सिलीनला रेझिन जोडणारं द्रव) टवक्याभोवतीच्या पोर्सिलीनच्या, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकच्या, कडेला लावायचं, नुसत्या मेटलवर त्याचा उपयोग नाही, सिलिका कोटिंगवाली पावडर मारली असेल तरच तिथं चालतं. कडेला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरणार असाल तर ते सायलेन-प्रायमरच्या आधी, नीट धुऊन वाळवून, आणि हिरडीला अजिबात लागू देऊ नका, वाईट भाजतं.

पुढं बाँड, क्युअर (लाइटनं कडक करणं), मग ओपेकरचा, म्हणजे मेटलचा रंग झाकणारा, पातळ थर. ओपेकर चुकवला तर कितीही चांगला शेड लावा, दात राखाडीच दिसतो. त्यावर कंपोझिट २ मिमीच्या आत थर देत, प्रत्येक थर क्युअर करत.

चावायच्या बाजूला मोठा टवका असेल तर हे फार टिकत नाही, नवीन कॅपच लागेल. पेशंट दिवस मोडून एसटीनं आलेला असतो, त्याला हे खुर्चीवर बसवायच्या आधीच सांगा.