पिचरचं करिअर-पान कसं वाचायचं (क्रिकेटवाल्यांसाठी)

क्रिकेटचं स्कोअरकार्ड वाचता येतं म्हणजे बेसबॉलचंही येईल असं मला वाटलं होतं, पण पिचरचं, म्हणजे तिथल्या बॉलरचं, पान उघडलं की कॉलमच कॉलम अंगावर येतात आणि आपण सवयीने पहिल्या दोन आकड्यांना चिकटतो, विन आणि लॉस. तिथेच फसतो. म्हणून एक पान समोर ठेवून शिका, मी टॉमी जॉनचं घेतलंय. डावखुरा, इंडियाना राज्यातला, १९६३ मध्ये क्लीव्हलंडकडून सुरुवात, १९८९ मध्ये शेवट, २८८ विन, २३१ लॉस.

आता ते विन-लॉस हाताने झाकून टाका. सिरीयसली. मॅच नऊ इनिंगची असते, त्यात सुरुवातीच्या पिचरच्या नावावर विन लागायला त्याने किमान पाच इनिंग टाकायला हव्यात, तो बाहेर जाताना टीम पुढे हवी आणि ती आघाडी नंतर जाता कामा नये, म्हणजे आपल्याच लोकांनी रन काढल्या नाहीत तर बिचाऱ्याने कितीही भारी टाकलं तरी पदरात काही नाही. २०१८ मध्ये मेट्स टीमच्या जेकब डीग्रॉमचा ईआरए (खाली सांगतो, कमी तितका चांगला) १.७०, आणि विन किती तर १०, लॉस ९! तरी साय यंग अवॉर्ड, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचं, त्यालाच मिळालं.

ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या रन, फील्डरच्या चुकीने गेलेल्या सोडून. आपल्या इकॉनॉमीचा चुलतभाऊ समजा. दोनच्या खाली असेल तर अफाट, तीनच्या आसपास मस्त, पाचच्या वर गेला की नोकरीचं काही खरं नाही. टॉमीचा अख्ख्या करिअरचा ३.३४ आहे.

मग इनिंगचा कॉलम. त्याच्या ४७१०.१ इनिंग आहेत, पण हा पॉइंट एक दशांश नाहीये हां, एका इनिंगमध्ये तीन आउट असतात त्यातला एक झाला असा अर्थ, आपण १९.४ ओव्हर म्हणतो तसंच. इथे क्रिकेटवाल्यांना फुकटचा फायदा.

स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक टाकून पिचरने स्वतःच काढलेले बॅटर, २२४५. नुसता आकडा बघून काही कळत नाही, त्याला नऊने गुणा आणि इनिंगने भागा, ४.३ येतं. स्ट्राइकआउटसाठीच गाजलेल्या नोलन रायनचं हेच गणित केलं तर साडेनऊच्या वर जातं. मग टॉमी कमी दर्जाचा का? अजिबात नाही, त्याचा बॉल होता सिंकर, म्हणजे बॅटरजवळ येऊन खाली बसणारा, बॅटर तो जमिनीवर मारणार आणि जवळचा फील्डर उचलून फर्स्ट बेसला फेकून त्याला आउट करणार. बोल्ड कमी, शॉर्ट लेगला कॅच जास्त, असा स्पिनर असतो ना, तसा माणूस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि मला विचाराल तर पान उघडल्या उघडल्या हेच करा: वर्षांच्या कॉलमवरून बोट खाली न्या आणि गॅप शोधा. १९७२, ७३, ७४... आणि मग थेट ७६. ७५ गायब.

१९७४ मध्ये डॉजर्स टीमकडून तो १३-३ (१३ विन, ३ लॉस) वर होता, करिअरमधला सगळ्यात भारी सीझन चालू होता, आणि १७ जुलैला मॉन्ट्रियलविरुद्ध डाव्या कोपराचं लिगामेंट तुटलं. तोवर असं झालं की पिचर घरी जायचा. डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला उजव्या हातातला एक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढला आणि डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यातून ओवला. परत खेळण्याचा चान्स त्यांच्या मते शंभरात एक.

तो टेंडन तुम्हाला स्वतःच्या हातावर बघता येतो. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट थोडं आत वाकवा. मधोमध दोरीसारखं काहीतरी वर येतं, तेच ते. काहींना नसतोच, आणि नसला तरी काही अडत नाही, म्हणून तर तो काढतात.

आता १९७६ ची ओळ बघा: १०-१०. विन-लॉस बघणारा म्हणेल ठीकठाक, पण शेजारी २०७ इनिंग लिहिल्यात! ज्याचा हात संपला म्हणत होते त्याने २०७ इनिंग टाकल्या. पुढच्या वर्षी २० विन, मग यांकीजकडे १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२. २८८ पैकी १६४ विन ऑपरेशननंतरचे आहेत, आणि शेवटची मॅच खेळला तेव्हा वय ४६. त्या ऑपरेशनला आज टॉमी जॉन सर्जरीच म्हणतात.

त्यामुळे आजच्या कुठल्याही पिचरचं अख्खं वर्ष रिकामं दिसलं की आधी कोपराचा संशय घ्या. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या ओहतानीच्या पानावर पिचिंगमध्ये २०१९ आणि २०२४ नाहीत, दोन्ही वेळा कोपर. बॅटिंगच्या पानावर मात्र तीच वर्षं भरलेली, २०२४ मध्ये तर ५४ होमरन. त्याच्याबाबतीत दोन्ही पानं उघडावी लागतात, बाकीच्यांचं एकात भागतं.

आणि कोणी रिंकू सिंग, दिनेश पटेल शोधत असेल तर, उत्तर प्रदेशातले भालाफेकवाले, २००८ मध्ये पायरेट्स टीमने घेतलेले, ते मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, यादीत सापडणार नाहीत. दोघंही मायनर लीगच्या वर गेले नाहीत, तेव्हा मायनरचं पान उघडा.