परदेशात आंदोलन पेटलं तर: हॉटेलातून कधी निघायचं आणि कधी नाही

पासपोर्टच्या झेरॉक्स, गोळ्या, चिवड्याच्या पुड्या हे आता नाशिकच्या लोकांना सांगावं लागत नाही, ग्रुप घेऊन निघालो की काका-काकू मलाच आठवण करून देतात. त्यामुळे ते सोडून देतो. डोकं फिरतं ते 'दंगलीत अडकलात तर हे करा' छाप व्हॉट्सअॅप मेसेज वाचून, त्यातलं निम्मं सिनेमातलं असतं.

बुकिंगच्या आधी

तारखा आणि वार बघा. पॅरिसमध्ये 2018च्या नोव्हेंबरपासून पिवळ्या जॅकेटवाले आंदोलक शनिवारी रस्त्यावर यायचे, म्हणजे शाँझेलिझे हा तिथला मोठा रस्ता शनिवार सोडून कुठल्याही दिवशी ठेवायचं, प्रश्न मिटला. हॉटेल संसद, मंत्रालयं, मोठा चौक यांच्यापासून लांब घ्या. 'फाइव्ह स्टार म्हणजे सेफ' असं कोणी म्हटलं तर सोडून द्या, सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत आंदोलनात संसद आणि सिंहदरबार (तिथलं मंत्रालय) तर जळालाच, हिल्टन हॉटेलही जळालं. खोली खालच्या मजल्यांवर मागा आणि पहिल्याच दिवशी मागचा जिना कुठं उतरतो ते चालत जाऊन बघा.

भारतीय दूतावासाचा इमर्जन्सी नंबर, हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत आणि विमानाचं तिकीट, तिन्ही कागदावर. हो, कागदावरच. बांगलादेशात जुलै 2024 मध्ये मोबाइल नेट साधारण दहा दिवस बंद होतं, तेव्हा ईमेलमधलं तिकीट काय कामाचं?

रस्त्यात मोर्चा दिसला तर

मागे फिरा. व्हिडिओ नको, सेल्फी नको, घोषणा तर अजिबात नको, सिंगापूरसारख्या ठिकाणी नुसतं सभेत सहभागी होणंसुद्धा परदेशी माणसाला महागात पडतं. आपण सिंहस्थात रामकुंडावरची गर्दी बघितलेली माणसं, त्यामुळे 'असली गर्दी खूप बघितली' ही एक खुमखुमी असते. पण रामकुंडावर सगळे डुबकी मारायला आलेले असतात राव, इथे समोर पोलीस उभे असतात. सापडलातच गर्दीत तर उलटं धावू नका, लोकांबरोबर चालत चालत तिरकं सरकत कडेला या आणि पहिल्या गल्लीत वळा. अश्रुधूर आला तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला, उंचावर जा, डोळे चोळू नका, साध्या पाण्यानं धुवा. टूथपेस्ट, व्हिनेगर वगैरे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

हॉटेलातून एअरपोर्टला निघणं, खरी गोम इथं आहे

बाहेर धूर दिसायला लागला की पहिला फोन घरून येतो. पुण्याचा मुलगा, कॅनडाची सून, सगळे एकच सांगतात: आत्ताच्या आत्ता निघा, एअरपोर्टवर जाऊन बसा. हा सगळ्यात वाईट सल्ला. विचार करा, त्या वेळी सर्वात धोक्याची जागा कुठली? रस्ता. आणि एअरपोर्ट म्हणजे काही किल्ला नाही, हाँगकाँगला ऑगस्ट 2019 मध्ये आंदोलकच टर्मिनलमध्ये बसले आणि विमानं रद्द झाली, बँकॉकचं सुवर्णभूमी 2008 मध्ये आठवडाभर बंद पडलं होतं. तिथं ना खोली, ना जेवण, ना परत जायला गाडी.

हे ठरवणं मलाही सुरुवातीला फार जड जायचं, चाळीस लोक लॉबीत बॅगा घेऊन उभे आणि सगळ्यांची नजर माझ्यावर. आता मी तीन गोष्टी विचारतो, तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच गाडी हलते.

एक, विमानं खरंच उडतायत का? तुमच्या तिकिटावर 'कन्फर्म' दिसतं त्याला अर्थ नाही. फ्लाइटरडार या विमानं लाइव्ह दाखवणाऱ्या साइटवर बघा, सकाळपासून त्या एअरपोर्टवर विमानं उतरतायत का. काठमांडूचं त्रिभुवन विमानतळ 2025 मध्ये 9 सप्टेंबरला बंद झालं आणि 10 तारखेच्या संध्याकाळी उघडलं, मधल्या वेळात निघालेला माणूस बंद गेटपाशी जाऊन करणार काय?

दोन, रस्त्यानं आत्ता कोण आलंय? टीव्हीवरची दृश्यं कालची असतात, मॅनेजर तर 'नो प्रॉब्लेम सर' म्हणणारच. किचनमध्ये जा. सकाळचं दूध आलं का, ब्रेड आला का, नाश्त्याचा आचारी घरून आला की रात्री इथंच झोपला, हे विचारा. दूध आलं नसेल तर तुमची बसही जाणार नाही. आचारी आला असेल तर कुठल्या रस्त्यानं आला, कुठं अडवलं, टायर कुठं जळत होते, सगळं विचारून घ्या.

तीन, ड्रायव्हर स्वतःहून तयार आहे का? डबल पैसे देऊन तयार केलेला ड्रायव्हर नको, तो अर्ध्यात गाडी सोडेल. नेपाळमध्ये बंदच्या वेळी गाडीच्या काचेवर टूरिस्ट असा मोठा बोर्ड लावायची पद्धत जुनी आहे, तशी काही सोय तिथं चालते का ते ड्रायव्हरलाच ठाऊक असतं.

कर्फ्यू असेल तर तिकीट आणि पासपोर्ट दाखवून एअरपोर्टला जाऊ देतात का, हे आधी दूतावासाला किंवा हॉटेलला विचारा, बऱ्याच ठिकाणी सोडतात, पण प्रत्येकाच्या हातात आपापला कागद हवा, ग्रुप लीडरकडे गठ्ठा नको. कर्फ्यूत सूट मिळाली तर सुरुवातीलाच निघा, शेवटच्या अर्ध्या तासात सगळं शहर रस्त्यावर असतं आणि पोलीसही वैतागलेले असतात. आणि 'बाय रोड बॉर्डर गाठू' हा हुशारपणा कृपा करून नको, शहरातला एक चौक टाळायला जाल आणि हायवेवरचे दहा चौक लागतील.

उत्तर 'नाही' आलं की बसा. पडदे ओढा, खिडकीपासून लांब बसा, पाणी भरून घ्या, फोन चार्ज करा, घरी दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी मेसेज, बाकी फोन बंद. चिवडा आहेच.

इन्शुरन्स

गडबड सुरू झाल्यावर काढलेली पॉलिसी त्या गडबडीसाठी सहसा चालत नाही, आधीच काढा आणि दंगल, संप, बंद हे शब्द भरपाई मिळणाऱ्या यादीत आहेत की वगळलेल्या, ते बघा. विमान रद्द झालं तर त्याचं पत्र एअरलाइनच्या काउंटरवरूनच घ्या, नाशिकला परत आल्यावर ते मिळवायला महिनोन्महिने मेल करत बसावं लागतं.