फ्रेंचमध्ये ‘माहीत आहे’ कसं म्हणावं: साव्हुआर की कोनेत्र?

मराठीत पत्ता माहीत असतो, माणूस माहीत असतो आणि गाडी उशिरा येणार हेही माहीत असतं. फ्रेंचमध्ये हे काम साव्हुआर आणि कोनेत्र या दोन क्रियापदांनी वाटून घेतलंय. ‘साव्हुआर माहितीसाठी, कोनेत्र ओळखीसाठी’ हा वर्गातला नियम खरा आहे, पण ऐन बोलताना तो फार कामी येत नाही. त्यापेक्षा क्रियापदाच्या लगेच पुढे काय येतंय ते बघा.

पायरी 1. पुढे क (की), ऊ (कुठे), काँ (कधी), पुर्क्वा (का) असं काही येऊन नवं वाक्य सुरू होतंय? मग साव्हुआर. ‘झ से ऊ इल आबित’, म्हणजे तो कुठे राहतो ते मला माहीत आहे. ‘झ कोने क...’ अशी सुरुवात झाली की वाक्य तिथेच चुकलं. हीच गोष्ट नाम वापरून सांगायची तर क्रियापद बदलतं: ‘झ कोने सों आद्रेस’, मला त्याचा पत्ता माहीत आहे.

पायरी 2. पुढे क्रियापदाचं मूळ रूप असेल तरीही साव्हुआरच. आपलं ‘पोहता येतं’ ते हेच: ‘झ से नाझे’. मधे कोमाँ (कसं) घालायची गरज नाही. मराठी माणूस चुकतो तो इथे. हात मोडलाय म्हणून आज पोहता येत नाही, हेही आपण ‘येत नाही’ असंच म्हणतो. फ्रेंचमध्ये तिथे तिसरंच क्रियापद लागतं, पुव्हुआर: ‘झ न प पा नाझे’. बेल्जियममध्ये अशा जागीही साव्हुआर कानावर पडतं. परीक्षेत मात्र ते लिहू नका.

पायरी 3. पुढे नाम असेल तर बहुतेक वेळा कोनेत्र. माणूस आणि गाव यांना तर दुसरा पर्यायच नाही: ‘झ कोने मारी’, ‘झ कोने पारी’. उत्तरासारख्या माहितीला (ला रेपोंस) दोन्ही चालतात. धडा किंवा कविता तोंडपाठ असेल तर साव्हुआर. तू (सगळं), रियाँ (काहीच नाही) आणि केल्क शोज (काहीतरी) हेही साव्हुआरकडे जातात.

पायरी 4. भूतकाळ. नुसतं ‘माहीत होतं’ म्हणायचं असेल तर अपूर्ण भूतकाळ, ‘झ साव्हे’. ‘झे स्यु’ म्हटलंत की अर्थ होतो ‘मला कळलं’. कोनेत्रचंही तसंच: ‘झे कोन्यु मारी आ लियों’, मारीशी माझी ओळख लियोंला झाली.

लिहिताना एक बारकावा. कोनेत्रमध्ये ‘त’च्या आधीच्या ‘इ’वर टोपी असते, ‘इल कोने’ लिहितानाही असते, पण ‘झ कोने’मध्ये नसते. 1990च्या शुद्धलेखन सुधारणेनुसार ती टोपी गाळली तरी चूक धरत नाहीत.

नकारार्थी उत्तर देतानाही प्रश्न ऐकून घ्या. स्टेशन कुठे आहे असं कुणी विचारलं तर ‘झ न से पा’. घाईच्या बोलण्यात याचंच ‘शेपा’ होतं. अमुक सिनेमा माहीत आहे का, असं विचारलं आणि त्याचं नावही ऐकलेलं नसेल, तर ‘झ न कोने पा’.