अमेरिकेतली स्वतःची पोलीस नोंद मागवताना: व्हिसावाल्यांसाठी तयारीची यादी

पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), पत्त्याचा पुरावा. हे तुमच्याकडे असतंच, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते कोर्टाच्या निकालाच्या कागदाबद्दल. पहिल्या खेपेला मी नेमका तोच विसरलो आणि कॅनडात कायम राहण्यासाठी अर्ज करायचं आलेलं आमंत्रण स्वतःच्या हाताने घालवलं.

विद्यार्थी असताना जास्त वेगाने गाडी चालवल्याचा एक दंड भरायचा राहून गेला होता. त्यापायी परवाना निलंबित झाला, त्याचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि मला पत्ताच नाही. पुढे एकदा पोलिसाने गाडी थांबवली ती थेट बेड्या घालायलाच. ठाण्यावर बोटांचे ठसे, फोटो, चार तास बाकावर. नंतर दंड भरला, परवाना सुटला, न्यायाधीशाने केस काढून टाकली. माझ्या लेखी विषय संपला. बऱ्याच वर्षांनी कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री योजनेतून ते आमंत्रण आलं. अर्ज पुरा करायला ६० दिवस, आणि गेल्या १० वर्षांत सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला जोडायचा. अमेरिकेचा दाखला म्हणजे एफबीआयची नोंद. ती आली. तीत अटकेची तारीख होती, ठाणं होतं, कलम होतं. पुढे कोरं. केस कशी संपली याचा एक शब्द नाही.

कारण साधं आहे, पण ते मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. एफबीआय स्वतः होऊन काही लिहीत नाही. अटक करणारं खातं ठसे पाठवतं आणि त्यावरून अटकेची ओळ पडते. निकाल मागाहून कोर्टाने राज्याला आणि राज्याने एफबीआयला कळवायचा असतो, आणि तो वाटेत कुठेतरी बसून राहतो. अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलच्या २००६ च्या अहवालातच कबुली आहे की राज्यांच्या आणि एफबीआयच्या नोंदी जोडणाऱ्या देशव्यापी यंत्रणेतल्या जवळपास निम्म्या नोंदींत अंतिम निकाल नाही. म्हणजे माझं काही जगावेगळं झालं नव्हतं. केस निकालात निघाली आणि नोंद अटकेपाशीच अडकून राहिली.

तेव्हा क्रम उलटा करा. एफबीआयची नोंद हातात पडल्यावर कोर्टाकडे धावू नका. आधी कोर्ट, मग एफबीआय. आयुष्यात कधीही, कितीही क्षुल्लक कारणाने अमेरिकेत अटक झाली असेल, ठसे घेतले गेले असतील, तर ज्या काउंटीत (तिकडचा जिल्हा) ते घडलं तिथल्या कोर्टाच्या क्लार्ककडून अंतिम निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मागवा. तिकडे तिला ‘डिस्पोझिशन’ म्हणतात. फोनवर हाच शब्द वापरा, नाहीतर तुम्हाला भलत्याच खिडकीकडे पाठवतील. कोर्टाच्या संकेतस्थळावरून काढलेला स्क्रीनशॉट चालत नाही. वकिलाचं ‘केस संपली’ असं पत्र चालत नाही. मी दोन्ही करून पाहिलंय.

एक नक्कल मागवू नका, चार मागवा. किरकोळ गुन्ह्यांच्या जुन्या फायली कोर्टं ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, आणि हा काळ राज्याराज्यांत वेगळा असतो. फाइल नष्ट झालेली असेल तर ‘शोध घेतला, फाइल आता अस्तित्वात नाही’ असं क्लार्कचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. तेही निकालाच्या कागदाच्या जागी देता येतं, नुसतं तोंडी उत्तर देता येत नाही. माझी फाइल नष्ट झाली नव्हती, पण दुसऱ्या कुठल्याशा गोदामात होती. ती येईपर्यंत ६० दिवस सरले. कोर्टाचं नाव लिहीत नाही. त्यांची चूक नव्हती, माझी होती.

आणि हे तर दोनदा वाचा: कोणी वकील किंवा मित्र म्हणाला की ‘नोंद पुसून घे’, तर आधी नकला काढा, मगच पुसायला द्या. एकदा नोंद पुसली किंवा सील झाली, म्हणजे बंद केली गेली, की खुद्द कोर्टही ‘अशी केस आमच्याकडे नाही’ म्हणू शकतं, आणि इमिग्रेशनचं खातं मात्र ती अटक विचारणारच. राज्याने पुसलेलं केंद्राच्या इमिग्रेशन कायद्याला पुसलेलं वाटत नाही. त्या कायद्यात ‘दोषी ठरणं’ याची स्वतःची व्याख्या आहे. गुन्हा कबूल केला, थोडी समाजसेवा केली, मग राज्याने केस काढून टाकली, असा प्रकार असेल तर इमिग्रेशनच्या हिशेबात तुम्ही दोषी ठरलेले असू शकता. म्हणून नुसतं ‘केस काढली’ एवढं पुरत नाही. कशी काढली हेही निकालाच्या कागदावर दिसलं पाहिजे. कागद हाती आला की इमिग्रेशनचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. गुन्ह्याच्या केसमधला वकील वेगळा, हा वेगळा. (२०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी या निकालापासून गुन्ह्याच्या वकिलानेही देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका अशिलाला सांगायला हवा असं आहे. माझ्या वकिलाने सांगितल्याचं मला आठवत नाही. कदाचित मीच ऐकलं नसेल.)

वकिलाचा विषय निघालाच आहे तर इशारा देऊन टाकतो. तुमच्या नावावर वॉरंट निघालेलं असण्याची शंका असेल, कुठली तारीख चुकली असेल, किंवा तुमचं इमिग्रेशनचं स्टेटस डळमळीत असेल, तर ठाण्याच्या खिडकीवर स्वतः जाऊन ‘माझी नोंद द्या’ म्हणू नका. आधी वकील.

आता हक्काचं. इथे गोंधळ फार आहे आणि निम्मे लोक सुरुवातच चुकीच्या दारातून करतात. १९७४ चा प्रायव्हसी ॲक्ट स्वतःबद्दलची सरकारी नोंद बघण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क देतो, पण तो नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. एच-वन-बी, एफ-वन, एल-वन असे व्हिसावाले, पर्यटक, कागदपत्रं नसलेले, हे कोणीच त्यात बसत नाहीत. नंतर एका कायद्याने काही परदेशी नागरिकांना यातले थोडे हक्क दिले, पण ते ठरवून दिलेल्या, मुख्यतः युरोपातल्या देशांपुरते. भारत त्या यादीत नाही. म्हणून अर्जात प्रायव्हसी ॲक्टचा आधार देऊ नका. १९६६ चा माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा, म्हणजे फोइया, त्याचा आधार द्या. त्यात शब्द आहे ‘कोणतीही व्यक्ती’. नागरिकत्व विचारलेलंच नाही. भारतात बसूनही अर्ज करता येतो.

पण थांबा, एफबीआयची गुन्ह्यांची नोंद, जिला सगळे ‘रॅप शीट’ म्हणतात, ती फोइयातून मागवायची नसते. तिचं दार तिसरंच आहे. १९७३ च्या न्याय खात्याच्या एका आदेशापासून ज्याची नोंद त्याला ती ठसे आणि फी देऊन मिळते, मग तो कुठल्याही देशाचा असो. फी १८ डॉलर. हे काम वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गमध्ये चालतं. फोइयाचे अर्ज बघणारे लोक व्हर्जिनियातल्या विंचेस्टरला बसतात. एकाचा अर्ज दुसऱ्याकडे गेला की आठवडे जातात. तुमच्यावर तपासाची फाइल होती का, मुलाखत घेतली होती का, असलं काही हवं असेल तर फोइया. नुसती अटकांची यादी हवी असेल तर ठसे आणि १८ डॉलर.

ठशांबाबत एकच गोष्ट महत्त्वाची आहे. ‘चॅनेलर’ म्हणून खाजगी कंपन्या असतात, एफबीआयने मान्यता दिलेल्या. जास्त पैसे घेऊन त्या काम झटपट करून देतात. त्यांच्याकडे जाऊ नका. त्यांना फक्त नागरिकांचे आणि ग्रीन कार्डवाल्यांचे अर्ज घ्यायची परवानगी आहे. आपण थेट एफबीआयकडेच जायचं. ऑनलाइन अर्ज भरून ठरावीक टपाल कचेऱ्यांमध्ये ठसे देता येतात, तिथे वेगळे पैसे पडतात, पण उत्तर लवकर येतं. टपालाने कार्ड पाठवलंत तर आठवडे मोजा. कार्ड पाठवायचंच असेल तर दोन पाठवा, कारण ठसे पुसट म्हणून परत येतात. विशेषतः वयस्कर माणसांचे आणि हाताने काम करणाऱ्यांचे. आदल्या दिवशी हातांना थोडं क्रीम लावा, ठसे देण्याआधी मात्र हात धुऊन कोरडे करा. नोंदीत चूक असेल तर एफबीआयकडे हरकत घेता येते, तिला फी नाही आणि नागरिकत्वाची अटही नाही. हरकतीसोबत काय जोडावं लागतं? निकालाचा कागद. पुन्हा तोच.

एफबीआयचा शोध ठशांवरून लागतो, नावावरून नाही. कोर्टाचा आणि गावच्या पोलीस खात्याचा शोध मात्र नावावरून लागतो, आणि आपली नावं म्हणजे त्यांच्यासाठी कोडं आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टात पहिली दोन एका रकान्यात, अमेरिकन परवान्यावर वडिलांचं नाव मधलं, आणि अटकेच्या कागदावर पोलिसाला जे सुचलं ते. माझ्या वडिलांचं नाव माझं आडनाव झालं होतं आणि आडनाव गायब. त्यामुळे कोर्टाने पहिल्यांदा ‘नोंद सापडली नाही’ म्हणून कळवलं आणि मी येडा खूश झालो. पंधरा दिवस तिथेच गेले. लग्नानंतर ज्यांचं आडनाव बदललं, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे काहींचं पहिलं नावही बदललं, त्यांनी तर माहेरच्या आणि सासरच्या सगळ्या जोड्या लिहून काढाव्यात. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (पहिलं नाव अज्ञात) येतं. नोंद तशाच नावाने असू शकते, तेही लिहा. स्पेलिंगमधली दुहेरी ए, व्ही की डब्ल्यू, सगळं. सोबत जन्मतारीख दोन्ही क्रमांनी द्या, कारण आपण दिवस आधी लिहितो आणि ते महिना. अटकेची तारीख आणि केस नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. जुने ईमेल, दंडाची पावती, बँकेचं त्या महिन्याचं खातं धुंडाळा. मला केस नंबर दंड भरलेल्या जुन्या चेकच्या मागे सापडला. निकालाचा कागद मागायच्या आधी हे करा, नंतर नाही. हो, पुन्हा निकालाचा कागद.

गावच्या पोलिसांचा घटनेचा अहवाल लागेल तर त्या खात्याच्या रेकॉर्ड विभागाकडे त्या राज्याच्या कायद्याखाली अर्ज करायचा. व्हर्जिनियासारख्या काही राज्यांत हा हक्क त्या राज्याच्या नागरिकांपुरताच आहे, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकबर्नी विरुद्ध यंगमध्ये ते मान्यही केलं. दुसऱ्या राज्यात राहायला गेला असाल तर नकार येऊ शकतो, तिथल्या वकिलामार्फत मागवा. राज्याची स्वतःची नोंद हवी तर वेगळा अर्ज. कॅलिफोर्नियात राज्याच्या न्याय खात्याला ठसे आणि २५ डॉलर, ठसे घेणाऱ्याचे पैसे वेगळे.

इमिग्रेशनची फाइल, म्हणजे ए-फाइल, फोइयाने अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून, म्हणजे यूएससीआयएसकडून, ऑनलाइन मागवा. ओळख पटवायला नोटरीच हवी असं नाही, खोटं असल्यास शिक्षेस पात्र या प्रतिज्ञेखाली केलेली सही चालते. उत्तराची कायद्यातली मुदत २० कामाचे दिवस, प्रत्यक्षात कितीही. काळ्या पट्ट्या मारलेली पानं आली तर ९० दिवसांत अपील.

अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारचा शिक्का, लागणार असेल तर एफबीआयची नोंद केंद्राची आहे, ती वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याकडेच जाते. तुमच्या राज्यात नेऊ नका, नोटरी करू नका. कोर्टाची नक्कल मात्र त्या राज्याकडे. कॅनडाला मला अपॉस्टिल लागलं नाही.

भारतातली पीसीसी, म्हणजे आपल्या पोलिसांचा दाखला, वेगळी, ती कॉन्सुलेटच्या वाटेने, तिचा याच्याशी संबंध नाही.

फॉर्मवर ‘कधी अटक झाली आहे का’ असा प्रश्न असेल आणि झाली असेल तर ‘हो’ लिहा, केस काढली असली तरी. खाली दोन ओळींत काय झालं ते, आणि जोडपत्र म्हणून तो कागद.

सगळं स्कॅन करून स्वतःलाच ईमेल करा, विषयाच्या ओळीत केस नंबर. मूळ नकला पासपोर्टच्या पाकिटात. दुसऱ्या खेपेला माझ्याकडे त्या चार होत्या, आता तीन आहेत.